सौदीची ऑफर आली आहे, जावं का? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात मी अकरा वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आणि २०१९ मध्ये नागपूरला परत आलो. तेव्हापासून मानेवाड्याच्या घरी कुणी ना कुणी ऑफर लेटर घेऊन येतंच, नाहीतर व्हॉट्सॲपवर फोटो धाडतं. कोराडी-खापरखेड्याचे फिटर, बुटीबोरीचे वेल्डर, मेडिकलच्या नर्स, मिहानमधली आयटीची पोरं. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो आहे. उत्तरं सौदी अरेबियापुरती आहेत. शेजारच्या देशांत काय वेगळं पडतं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१. ऑफर खरी आहे की फसवणूक, हे कसं ओळखायचं?

एजंटाला पहिला प्रश्न पगाराचा नाही, परवाना क्रमांकाचा विचारा. परदेशी भरती करणाऱ्या प्रत्येक एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि ती यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही दिसते. यादीत नाव नसेल तर चहा प्या आणि उठा. नोंदणी असलेला एजंटसुद्धा सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. "व्हिसाचे दीड लाख" वगैरे जे सांगतात ते कशाचे, हे त्यांनाच विचारा. सौदी कायद्यानुसार भरतीचा, इकाम्याचा (म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचा) आणि वर्क परमिटचा खर्च मालकाचा असतो.

दोन शब्द कानावर पडले की सावध व्हा. "आझाद व्हिसा", म्हणजे कागदावर एक मालक आणि काम भलतीकडेच. असा व्हिसा कायद्यात अस्तित्वात नाही, पकडले गेलात तर दंड आणि घरवापसी तुमची. दुसरा, "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो". व्हिजिट व्हिसावर काम करणं गुन्हा आहे.

२००६ मध्ये सीताबर्डीच्या एका ऑफिसात मी साठ हजार भरले होते. तीन महिन्यांनी गेलो तर तिथे मोबाईलचं दुकान. म्हणून एवढं कळवळून सांगतो.

२. माझा पासपोर्ट ईसीआर आहे. त्याने काय फरक पडतो?

दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर असतो. सौदीसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना अशांना सरकारची परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, घ्यावी लागते. त्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना काढावी लागते. दहा लाखांचं संरक्षण, हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये. लोक याला कटकट म्हणतात. माझ्या मते ही कटकट म्हणजे तुमचं कवच आहे, कारण तुमचं कंत्राट सरकारी नोंदीत राहतं. दहावी पास असूनही जुना ईसीआर पासपोर्ट असेल, तर मार्कशीट दाखवून पासपोर्ट कार्यालयातून बदलून घ्या.

नर्सचा नियम वेगळा आहे, प्रश्न १० पाहा.

३. सहा हजार रियाल पगार देतात. चांगला आहे का?

एकटे जाणार की कुटुंब नेणार, यावर उत्तर उलटंपालटं होतं.

आधी सहा हजाराची फोड मागा. समजा मूळ पगार ४,०००, घरभाडं १,०००, प्रवास ४००, जेवण ६००. ओव्हरटाइमला तासाच्या पगारावर वरून मूळ पगाराच्या निम्मे मिळतात, त्यामुळे मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून भत्ते फुगवणाऱ्या कंपन्या असतात. कंपनी राहायला खोली देणार असेल तर भाडंभत्ता वेगळा मिळणार नाही, हेही विचारून घ्या.

पगारावर तिथे आयकर नाही. पण जुलै २०२० पासून खरेदीवर १५ टक्के व्हॅट आहे. आणि कुटुंब नेलं तर प्रत्येक माणसामागे महिन्याला ४०० रियाल सरकारला भरावे लागतात. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२००, वर्षाला १४,४००. इकाम्याचं नूतनीकरण करताना ही रक्कम आगाऊ मागतात. वर घरभाडं आणि शाळा. सहा हजारात हे बसत नाही हो, कितीही ओढलं तरी. एकटा माणूस कंपनीच्या कॅम्पात राहिला, तर त्याच सहा हजारातून निम्म्याहून जास्त घरी पाठवू शकतो.

रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की घरी पोचणारी रक्कम वाढते. यावर भरवसा ठेवून मात्र कर्ज काढू नका.

माझा आपला हिशेब असा: नागपुरात महिन्याअखेर हातात जे उरतं, त्याच्या तिप्पट तिथे उरत नसेल तर घर सोडण्यात अर्थ नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे.

४. कंत्राटात नेमकं काय वाचायचं?

सही करण्याआधी एवढं पाहा. पद कोणतं लिहिलंय (प्रश्न ५). मुदत किती. कामाचे तास: कायद्याची मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ आहे. सुट्टी: वर्षाला किमान २१ दिवस, पाच वर्षांनंतर ३०. परीक्षाकाळ, म्हणजे प्रोबेशन. आणि तिकीट कुठून कुठपर्यंत. हे शेवटचं आपली माणसं नेहमी विसरतात. नागपूरहून सौदीला नेहमीचं थेट विमान नाही, आणि कंत्राटात "मुंबई" लिहिलं असेल तर दर सुट्टीला मुंबई-नागपूरचा खर्च तुमच्या खिशातून. एक शब्द बदलून मागा, बरेचदा बदलून देतात.

कंत्राट दोन भाषांत असतं आणि वाद झाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून अरबी भागातले आकडे तरी जुळवून बघाच. हेच कंत्राट तिथल्या 'किवा' या सरकारी पोर्टलवर चढतं आणि तुम्हाला ते मान्य करावं लागतं. इथे सही केलेल्या कागदात आणि तिथे दिसणाऱ्या कंत्राटात फरक दिसला तर "मान्य" दाबू नका.

सेवा संपल्यावरची रक्कम, ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात, ती पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढे वर्षाला एक महिन्याचा. पण स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. सहा हजार पगारावर चार वर्षांचे होतात १२,००० रियाल. राजीनामा दिला तर हातात ४,०००. एका पोराने चार वर्षं भरल्यावर, कंत्राट संपायला सात आठवडे असताना, साहेबाशी भांडून राजीनामा फेकला. बिचाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं.

५. ऑफर लेटरवर सुपरवायझर आणि व्हिसावर "आमिल" लिहिलंय. एजंट म्हणतो तिथे गेल्यावर बदलू.

जाऊ नका.

आमिल म्हणजे मजूर. तुमच्या इकाम्यावर जे पद येतं तीच तिथली तुमची ओळख. कुटुंब आणता येईल का, कोणतं काम करता येईल, पुढची नोकरी कोणत्या पदावर मिळेल, सगळं त्यावर अडतं. इंजिनिअरला तिथल्या इंजिनिअर्स कौन्सिलची नोंदणी लागते आणि त्यासाठी पदवीची पडताळणी होते. डॉक्टर-नर्सला आरोग्य आयोगाची. डिप्लोमावाल्याला "इंजिनिअर" म्हणून नेतो सांगणारा एजंट खोटं बोलतो आहे, नाहीतर त्याला काही माहीत नाही.

पदवीच्या कागदांबद्दल चांगली बातमी: सौदी डिसेंबर २०२२ पासून अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी मोहोर, मानतो, त्यामुळे दूतावासाच्या जुन्या फेऱ्या कमी झाल्या. आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल. नागपूर विद्यापीठाची पदवी असो की व्हीएनआयटीची, मूळ कागद एजंटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

६. इथल्या नोकरीचा राजीनामा कधी द्यावा?

व्हिसा प्रत्यक्ष हातात आल्यानंतर. वैद्यकीय तपासणी सौदीने मान्य केलेल्या यादीतल्या केंद्रातच करावी लागते आणि छातीच्या एक्स-रेत जुन्या टीबीचा डाग दिसला तरी माणूस "अनफिट" ठरतो. राजीनामा देऊन मग अनफिट ठरलेले तीन जण मी पाहिलेत.

७. कफील म्हणजे मालकच ना? नोकरी पटली नाही तर सुटका आहे का?

कफील म्हणजे तुमचा प्रायोजक. माझ्या काळात त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊलही टाकता येत नव्हतं. १४ मार्च २०२१ पासून बदल झाला. एक वर्ष पूर्ण झाल्यावर, ठरलेली नोटीस देऊन, मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येतं. सुट्टीवर जाण्याचा व्हिसाही 'अबशर' या तिथल्या सरकारी ॲपवरून स्वतः काढता येतो. मात्र घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना ही सवलत लागू झाली नाही. "हाऊस ड्रायव्हर" पदावर जाणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

अडचण आहे ती अर्ध्यातून सोडण्यात. परदेशी माणसाचं कंत्राट मुदतीचंच असतं. सबळ कारणाशिवाय ते मध्येच मोडलं आणि कंत्राटात वेगळी रक्कम लिहिलेली नसली, तर उरलेल्या मुदतीचा पगार भरपाई म्हणून मागितला जाऊ शकतो. हा नियम मालकालाही लागतो. म्हणून तिथे "दोन वर्षं" आणि "एक वर्ष" यात निवड मिळाली, तर पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच वर्ष घ्यावं असं माझं मत.

न सांगता कामावरून गायब होऊ नका. मालक "हुरूब" नोंदवतो, म्हणजे पळून गेल्याची तक्रार, आणि त्यानंतर तुमचा मुक्काम बेकायदा होतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं नियमात बसत नाही. तरीही ठेवतात. मागून घ्या. नाही दिला तर रियाधचा भारतीय दूतावास किंवा जेद्दाचं वाणिज्य दूतावास, आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल.

८. दारू, पार्ट्या, सिनेमा... तिथे जगायचं कसं?

दारूवर १९५२ पासून बंदी आहे. चोरून मिळते, आणि त्यापायी तुरुंगात गेलेले, हद्दपार झालेले लोकही मिळतात. रोज संध्याकाळी लागतच असेल तर हा देश तुमचा नाही, इथेच विषय संपवा. डुकराचं मांस नाही. लग्नाबाहेरचे संबंध गुन्हा. अमली पदार्थांना थेट देहदंडापर्यंत शिक्षा आहे आणि ती अमलात येते.

बाकी ऐकीव माहिती जुनी झाली आहे. धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार २०१६ मध्ये गेला. सिनेमागृहं २०१८ मध्ये उघडली. मी गेलो तेव्हा नमाजाच्या वेळी दुकानाचं शटर खाली यायचं आणि आम्ही बाकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दुधाची पिशवी हातात धरून आतच अडकायचो. आता बरीच दुकानं चालू असतात. तरी हाफ पँट घालून बाजारात, रस्त्यात जोडप्याची लगट, अनोळखी बायकांचे फोटो हे प्रकार टाळाच. २०१९ पासून सार्वजनिक शिष्टाचाराचे नियम आहेत आणि दंड होतो.

आणि फेसबुकवर जीभ आवरा. तिथल्या राजघराण्यावर, धर्मावर किंवा सरकारवर लिहिलेली पोस्ट सायबर गुन्ह्याच्या कायद्यात येऊ शकते, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नागपुरात बसून दोन वर्षांपूर्वी टाकलेलंही एकदा चाळून पुसा.

९. घरात गणपती ठेवता येईल का? आम्ही बौद्ध आहोत, बुद्धाची मूर्ती नेली तर?

इतर धर्मांची सार्वजनिक उपासना सौदीत चालत नाही. देऊळ, विहार, चर्च काहीच नाही. खोलीच्या दाराआड तुम्ही काय करता यात कुणी सहसा डोकावत नाही. आमच्या कॅम्पात कपाटाच्या आतल्या बाजूला गजानन महाराजांचा फोटो होता, पलीकडच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा. चौदा एप्रिलला आम्ही खीर करायचो, आवाज न करता. मोठी मूर्ती, ग्रंथांचा गठ्ठा, वाटायची पत्रकं बॅगेत भरू नका, कस्टमवाले अडवू शकतात. आणि धर्मावर वाद घालायचा नाही, प्रेमाने विचारलं तरी.

मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्याने रस्त्यावरच्या पाट्या नीट वाचाव्यात.

१०. मुलगी नर्स आहे, एकटीच जायचं म्हणते. पाठवू का?

काकू, पहिलं म्हणजे ती जाते आहे, तुम्ही पाठवत नाही आहात. तिचं मत आधी ऐका.

आता तिथलं. जून २०१८ पासून बायका गाडी चालवतात. परदेशी बाईला अबाया घालण्याची सक्ती उरलेली नाही, पण अंगभर सैल कपडे हवेत, आणि छोट्या गावात बहुतेकजणी अबायाच घालतात कारण सोपं पडतं. हॉस्पिटलच्या वसतिगृहात रात्री येण्या-जाण्याचे नियम कडक असतात. माझी एक भाची लाखनीची, तिला निर्बंधांपेक्षा एकटेपणाचा त्रास जास्त झाला.

कागदांचं: नर्सचा पासपोर्ट ईसीआर नसला तरी २०१५ पासून सौदीसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो आणि भरती ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच व्हावी लागते. खासगी एजंट "टुरिस्ट म्हणून जा" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. तिकडच्या आरोग्य आयोगाची परीक्षा आणि कागदपत्र पडताळणी इथूनच होते.

एक कलम फार कमी मुलींना ठाऊक असतं: लग्नानंतर सहा महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर तीन महिन्यांत राजीनामा दिला, तर सेवेची पूर्ण रक्कम मिळते, कापली जात नाही (मूळ हिशेब प्रश्न ४ मध्ये).

११. सावजी मसाला, खर्रा आणि रोजची औषधं नेता येतात का?

सावजी मसाल्यात खसखस असते. खसखस तिथे अमली पदार्थांच्या यादीत आहे. डबा घरचा असो की दुकानातला, आईने कितीही मायेने बांधून दिला असो, राहू द्या. नुसतं तिखट, दगडफूल, गरम मसाला न्या आणि खसखशीशिवाय वाटून घ्या. चव तीच येत नाही, हे खरं. अनरसे आणि खसखस लावलेली मिठाईसुद्धा याच यादीत.

खर्रा विसरा. चघळण्याच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे. जाण्याआधी सोडायचा प्रयत्न करा, विमानतळावर सोडायचा नाही.

औषधांत झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना आधी परवानगी लागते. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात.

मंतरलेला गंडा, ताईत गळ्यात असेल तर तोही घरीच ठेवा. जादूटोणा तिथे गंभीर गुन्हा आहे आणि ताईत पुरावा म्हणून धरला गेल्याची उदाहरणं आहेत. ताजबागेचा असला तरी.

१२. रमझानमध्ये आम्ही उपाशी राहायचं का?

नाही. फक्त दिवसा चारचौघांत खायचं, प्यायचं, सिगारेट ओढायची नाही, पाणीसुद्धा नाही. खोलीत जेवा. मुस्लिम कामगारांचे तास दिवसाला सहावर येतात. बाकीच्यांचे कायद्याने कमी होत नाहीत, कंपनी देईल तर तिचा मोठेपणा.

१३. उन्हाचं काय?

अहो, नागपूरच्या मे महिन्यात वाढलेला माणूस रियाधला घाबरत नाही. जुबैल-दम्मामचा दमट ऑगस्ट मात्र वेगळा जीव घेतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करायला लावणं बेकायदा आहे.

१४. सौदीपेक्षा दुबई, कतार, कुवेत बरं का?

वागण्या-राहण्याच्या मोकळेपणात अमिराती पुढे. तिथे मंदिरं आहेत, अबू धाबीचं फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं, आणि दारू परवाना असलेल्या ठिकाणी मिळते. पण एकट्याचं भाडं पगार खातं. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. कुवेतमध्ये दारूबंदी सौदीसारखीच. खसखस अमिरातीतही बंद आहे, तेव्हा प्रश्न ११ तिथेही लागू. माझं म्हणणं, देश बघून ठरवू नका. चांगल्या कंपनीचं सौदीतलं कंत्राट दुबईतल्या फडतूस ठेकेदारापेक्षा केव्हाही बरं.

१५. भारतात टॅक्स भरावा लागेल का?

नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात असेल तर अनिवासी ठरतो आणि तिथल्या पगारावर इथे कर लागत नाही. म्हणून जानेवारीत गेलात तर त्या वर्षाचा हिशेब वेगळा, सीएला विचारा. पैसे एनआरई खात्यात पाठवा, व्याज करमुक्त आहे. इथलं भाडं वगैरे एनआरओ खात्यात, त्यावर कर आहे. हुंडी-हवाला नको. दोन रुपये जास्त मिळतात आणि दोन्हीकडे गुन्हा होतो.

१६. आम्ही मोमिनपुऱ्याचे, मुस्लिमच. आम्हाला तरी सगळं सोपं ना?

भाईजान, अन्न, नमाज, सण यांचं सोपं. कामगार कायदा तोच, कफील तोच, पगाराची फोडही तीच. दोन वर्षं सलग सेवा झाली आणि आधी हज केला नसेल, तर नोकरीच्या काळात एकदा १० ते १५ दिवसांची पगारी हजरजा मिळते. पण तिथे राहता म्हणून थेट हजला जाता येत नाही, परमिट लागतंच. दर्ग्याच्या चादरी, उर्स यांची आपल्याकडची पद्धत तिथे चालत नाही, ताईताचं वर सांगितलंच.

१७. मी समलिंगी आहे. घरी माहीत नाही. जावं का?

समलिंगी संबंध तिथे गुन्हा आहेत आणि शिक्षा जबर असू शकते. लोक गप्प राहून नोकऱ्या करतात, पण फोनमधलं ॲप, एखादा फोटो, एखादा रागावलेला सहकारी, एवढ्यावर सगळं उलटू शकतं. पगार कितीही असो, मी तुला दुसरा देश बघ असंच सांगेन.

१८. घरी आईवडील म्हातारे आहेत. काही झालं तर येता येईल का? आणि मलाच काही झालं तर?

येण्याचा व्हिसा आता स्वतः काढता येतो (प्रश्न ७), म्हणून तुमचं अबशर खातं पहिल्या महिन्यातच चालू करून घ्या, कुणा क्लार्कच्या मोबाईलवर नको. मुंबईमार्गे नागपूर गाठायला साधारण एक दिवस धरा. अंत्यदर्शनाला वेळेवर पोचाल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मी वडिलांच्या वेळी पोचलो नव्हतो.

तुमचं काही झालं तर मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्च कायद्याने मालकावर आहे. हिंदू किंवा बौद्ध पद्धतीने दहनाची सोय सौदीत नाही, त्यामुळे दहन करायचं तर देह परत आणावाच लागतो, आणि कागदांना आठवडे लागू शकतात. यासाठी घरी एक वही ठेवा: कंपनीचं नाव-पत्ता, इकाम्याची आणि पासपोर्टची प्रत, विम्याचा कागद, तिथल्या एका सहकाऱ्याचा नंबर, बँकेतला वारस. ती वही कुठल्या कप्प्यात आहे हे बायकोला आणि भावाला, दोघांनाही सांगून मगच विमानात बसा.